गोल्फचं अवघड पहिलं होल: तयारी शनिवारी संध्याकाळपासून

गेल्या पंधरवड्यात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला: पहिल्या होलची तयारी कशी करायची? तिघांनीही महिन्याच्या मेडलला, म्हणजे प्रत्येक फटका मोजणाऱ्या स्पर्धेला, पहिल्यांदाच नाव दिलंय, आणि तिघांनाही पहिल्या होलची धास्ती आहे. उरलेल्या सतरा होलांचं कोणाला काही पडलेलं नाही. माझं हँडिकॅप (फेरीत मिळणारी फटक्यांची सवलत) २२, म्हणजे सल्ला द्यावा इतकं काही चांगलं नाही. पण पहिल्या टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारतात तिथे, माती खाण्याचा अनुभव दांडगा आहे, म्हणून लिहिते. पुण्यात येरवड्याला खेळा नाहीतर बावधनपलीकडच्या डोंगरात, ही तयारी कुठेही चालेल. समजा पहिलंच होल लांबलचक पार चार (चार फटके अपेक्षित) आहे, उजव्या अंगाला कुंपण आहे, कुंपणापलीकडे ओ.बी. (हद्दीबाहेर) आहे आणि ग्रीनच्या (जिथे भोक असतं त्या हिरवळीच्या) तोंडाशी बंकर (वाळूचा खड्डा) आहे.

पहिलं काम शनिवारी संध्याकाळी, घरी, चहाचा कप घेऊन. जुनं स्कोअरकार्ड शोधा आणि पहिल्या होलचं गणित उलटं मांडा, ग्रीनकडून टीकडे. माझं गणित असं: आमच्या टीवरून ते होल ३५० यार्ड. माझा ड्रायव्हर (सर्वांत लांब मारणारा क्लब) चांगला बसला तर १६५, त्यानंतर हायब्रिड १३०, म्हणजे ५५ यार्ड उरतात. ड्रायव्हरऐवजी त्याहून छोटा फाइव्ह-वुड घेतला तर १४०, मग १३०, उरतात ८०. दोन्ही हिशेबांत ग्रीनवर पोचायला तिसरा फटका लागतोच. मग त्या पंचवीस यार्डांसाठी थंड अंगाने, दहा जण बघत असताना, कुंपणाशेजारी ड्रायव्हर का काढायचा? मला हे कळायला चार वर्षं लागली. शिवाय २२ हँडिकॅप म्हणजे प्रत्येक होलला सवलतीचा एक फटका आणि सर्वांत अवघड चार होलांना आणखी एक. त्या होलवर पाच झाले तर माझ्या लेखी तो पारच आहे. कार्डावर पेन्सिलीने चारचा पाच करून ठेवा, मनातल्या मनात नको. आपापले आकडे घालून बघा. ज्यांचा ड्रायव्हर अडीचशे जातो त्यांचं उत्तर वेगळं येईल, पण ते उत्तर शनिवारीच यायला हवं. टीवर उभं राहून क्लब निवडायला लागलात, की निवड तुम्ही करत नाही, मागे उभे असलेले लोक करतात.

क्लबबरोबर नेमही ठरवून टाका. नुसता छोटा क्लब घेतला म्हणजे झालं, असं नाही. २०१९ मध्ये उत्तर आयर्लंडच्या रॉयल पोर्टरशला ओपन ही मोठी स्पर्धा भरली, तेव्हा नामांकित रोरी मॅक्लरॉयच्या हातात पहिल्या टीवर ड्रायव्हरहून छोटं आयर्नच होतं. हे त्याच्या मुलखातलं मैदान, तिथे त्याने सोळाव्या वर्षी ६१ चा विक्रम केलेला. त्या होलच्या दोन्ही अंगांना ओ.बी. आहे, त्याचा चेंडू डावीकडे गेला, होलवर आठ झाले, फेरी ७९ ची झाली. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्याने ६५ मारले आणि तरी एका फटक्याने कट (पुढच्या फेऱ्यांची पात्रता) हुकला. म्हणून ‘फेअरवेत (मधल्या कापलेल्या पट्ट्यात) मारीन’ एवढं ठरवून भागत नाही. दूरचं एक झाड, एखाद्या इमारतीची पाण्याची टाकी, विजेचा खांब, काहीतरी बोट दाखवता येईल असं निवडा. आठवत नसेल तर कॅडीला (बॅग वाहणाऱ्या मदतनिसाला) आदल्या दिवशी विचारा. आमचे कॅडी मामा फोनवर सांगतात, ‘ताई, त्या वाकड्या कडुनिंबाकडे बघायचं, बाकी काही नाही.’

हे अवघड होल आपल्यालाच छळायला ठेवलंय, असं वाटत असेल तर मैदान आखणाऱ्यांची अडचणही समजून घ्या. त्यांच्यातल्या बहुतेकांचं मत असं की सुरुवात सोपी ठेवावी. त्याचं मुख्य कारण दयामाया नसून गर्दी आहे. दर आठ-दहा मिनिटांनी एक चौकडी सोडायची असेल, तर पहिल्याच होलवर चेंडू शोधणं सुरू झालं की अख्ख्या सकाळचं वेळापत्रक कोलमडतं. पार तीनने सुरुवात सहसा टाळतात तीही यासाठीच. ओपनच्या आजच्या मैदानांपैकी एकटं रॉयल लिथम पार तीनने सुरू होतं. पण जमीन जशी मिळते तशी आखावी लागते. स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकला उजव्या हाताला रेल्वे आहे, म्हणून तिथे पहिल्या टीवर उभं राहिलं की भिंत आणि तिच्यापलीकडचे रूळ दिसतात. मॅक्रिहॅनिशला तर पहिला फटका समुद्रकिनाऱ्याच्या वरून तिरका काढावा लागतो. ओपन १८६० मध्ये जिथे सुरू झाली ते प्रेस्टविकच. तेव्हा मैदान बारा होलांचं होतं आणि पहिलं होल ५७८ यार्डांचं. १८७० मध्ये धाकट्या टॉम मॉरिसने ते तीन फटक्यांत पुरं केलं, तेही त्या काळच्या लाकडी दांड्यांच्या क्लबांनी. हा आकडा शनिवारी रात्री आठवू नका, उगाच हुरूप चढतो.

मग बॅग. ती दिवाणखान्यात आणून क्लब मोजा. चौदापेक्षा जास्त नकोत. माझ्या बॅगेत एकदा मुलाची वेज, म्हणजे पंधरावा क्लब, राहून गेली होती, ती दुसऱ्या टीवर सापडली. पहिलं होल पाचात आणलं होतं, दंडाने त्याचे सात झाले, तेही फटका न मारता. चेंडू सहा घ्या, त्यांतल्या दोघांवर आताच खुणा करा, आणि वेगवेगळ्या: एकावर लाल ठिपका, दुसऱ्यावर निळ्या दोन रेघा. कशासाठी ते पुढे येईल. चेंडू गाडीच्या डिकीत ठेवू नका. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची पहाट दहा अंशांच्या आसपास उतरते आणि गारठलेला चेंडू जवळ पडतो. घरात ठेवलेला बरा. स्वेटर बिनबाह्यांचा. टॉवेल दोन, कारण एक दवाने पहिल्याच होलवर भिजतो.

रविवारी टी-टाइम (पहिल्या फटक्याची वेळ) सहा बावन्नचा असेल तर सहाला मैदानावर असायला हवं. कोथरूडहून संगम पुलावरून येरवडा त्या वेळी सहज गाठता येतं. गोल्फ क्लब चौकाची खरी गंमत परतताना कळते. नियम कडक आहे. स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे मेडलसारख्या फटके मोजायच्या खेळात, पाच मिनिटांच्या आत उशीर झाला तर पहिल्या होलवर दोन फटके दंड, त्याहून जास्त झाला तर बाद. पोहे नंतर खा, आधी एक केळं पुरे. पोटात पोहे घेऊन खांदे वळत नाहीत, हे माझं शास्त्र.

रेंजवर (सरावाच्या जागेवर) वीस चेंडू बस झाले. पहिले दहा वेजने (जवळच्या फटक्यांच्या क्लबने), अर्ध्या ताकदीने. पुढचे पाच मधल्या आयर्नने. शेवटचे पाच मात्र शनिवारी ठरवलेल्या क्लबनेच, आणि प्रत्येक वेळी समोर काहीतरी धरून: हे कुंपण, हा कडुनिंब. शेवटचा चांगला बसला तर थांबा. वाईट बसला तरी थांबा, सहावा घेऊ नका. रेंजवर फटके दुरुस्त करत बसलेला माणूस टीवर चार सूचना डोक्यात घेऊन जातो. आणखी एक: रेंज आणि पुटिंग ग्रीन सोडून, त्या दिवशी खुद्द मैदानावर आधी सराव करता येत नाही. पहिल्या टीवर किंवा तिच्याजवळ पुटिंग-चिपिंग (ग्रीनवरचे आणि ग्रीनजवळचे छोटे फटके) चालतं, पूर्ण फटका नाही.

पुटिंगला बहुतेक जण पाच मिनिटंही देत नाहीत, आणि माझ्या मते चूक इथेच होते. अवघड पहिलं होल म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ड्राइव्ह येतो. २०१६ च्या मास्टर्स स्पर्धेत एर्नी एल्सचा चेंडू पहिल्या होलला तीन फुटांच्या आत होता. तिथून त्याने सहा पुट घेतले, होलवर नऊ झाले. चार मेजर, म्हणजे गोल्फच्या सर्वांत मोठ्या स्पर्धा, जिंकलेला माणूस! तेव्हा रेंजवरून आल्यावर तीन फुटांचे दहा पुट मारा, कपाच्या चारही बाजूंनी. नंतर दोन लांब पुट, पण त्यात बघायचा तो फक्त वेग. हिवाळ्यात दव असतं, चेंडूमागे पाण्याची रेघ उमटते आणि पुट तोकडा पडतो. तीच ग्रीन नऊ वाजता वेगळी वागेल, त्याची आता काळजी नको. पावसाळ्यात हिशेब निराळा: जमीन मऊ, चेंडू पुढे घरंगळत नाही, म्हणून शनिवारच्या गणितात ड्राइव्हचे दहा यार्ड आधीच कापा. चेंडू पडल्या जागी स्वतःच्याच खड्ड्यात रुतला, तर फेअरवेतच काय, रफमध्येही (लांब गवतात) तो दंडाशिवाय उचलता येतो. हे पुष्कळांना ठाऊक नसतं आणि बिचारे तो चिखलातूनच खणत बसतात.

आता टी. तुमच्या आधीची चौकडी पुढे गेली आहे, नंतरची चहा पीत उभी आहे, कोणीतरी कोणाला तरी हळूच काही सांगतंय. अमेरिकेतल्या मेरियनला पहिली टी क्लबहाउसच्या गच्चीला इतकी लागून आहे, की तुम्ही चेंडू ठेवला की नाश्त्याला बसलेल्यांचे चमचे थांबतात म्हणे. आपल्याकडे चमचे थांबत नाहीत, आणि ते बरंच आहे. लोहगावहून सुखोई उडालं तर मागे व्हा आणि ते जाऊ द्या. अर्ध्या स्विंगला ते डोक्यावर आलं तर कोणी दुसरी संधी देत नाही. मित्रांच्या चौकडीत चालणारं मुलिगन, म्हणजे फुकटचा दुसरा फटका, मेडलमध्ये नसतं.

चेंडू कुठे ठेवायचा, याचाही विचार करा. टीच्या दोन खुणांच्या रेषेपासून मागे दोन क्लबांच्या लांबीपर्यंतची चौकट तुमची आहे, पुढे सरकून बसलेलंच असावं असं काही नाही. सपाट जागा शोधा. ओ.बी. उजवीकडे असेल तर उजव्या खुणेजवळ ठेवा आणि कुंपणापासून दूर, डावीकडे बघून मारा. पहिल्यांदा हे उलटं वाटतं, पण कोन तुमच्या बाजूने येतो. पाय चौकटीबाहेर गेले तर हरकत नाही, चेंडू आत हवा. गवतावरचं दव पुसायचं असेल तर खुशाल पुसा. ती सवलत टीवर आहे, फेअरवेत नाही. पूर्वेला तोंड असेल तर सकाळचं ऊन डोळ्यांत येतं आणि चेंडू उडाल्यावर दिसेनासा होतो. कॅडीला पुढे उभं राहायला सांगा. चेंडूला क्लब चुकून लागला आणि तो टीवरून (खुंटीवरून) पडला, तर दंड नाही. हसा, उचला, परत ठेवा. मग एक खोल श्वास, त्या कडुनिंबाकडे एकदा बघणं, आणि लगेच फटका. माझी बेरीज आठ सेकंद होते. वीस झाले की हात लाकडासारखे होतात.

आणि एवढं करून चेंडू कुंपणापलीकडे गेला तर? जाऊ शकतो. सेंट अँड्र्यूजचं पहिलं आणि अठरावं होल एकाच अफाट पटांगणात आहे, गोल्फमध्ये त्याहून रुंद फेअरवे शोधून सापडणार नाही. तिथे १९९५ च्या ओपनमध्ये इयन बेकर-फिंचने पहिला फटका डावीकडे, अख्खं पटांगण ओलांडून, ओ.बी.त घातला. चारच वर्षांपूर्वी तो ओपन जिंकला होता. तेव्हा तुम्ही-आम्ही काय! अशा वेळी खाली बघत पुढे चालू लागायचं नाही. आपली पाळी पुन्हा येईपर्यंत बाजूला थांबा आणि मोठ्याने म्हणा, ‘प्रोव्हिजनल, निळ्या रेघा.’ हा राखीव चेंडू आहे, पहिला सापडला नाही तरच चालेल, हे स्पष्ट सांगायलाच लागतं. नुसता दुसरा चेंडू ठेवून मारलात तर तोच खेळातला चेंडू ठरतो, पहिला आत सापडला तरी उपयोग नाही. खुणा वेगळ्या कशाला केल्या ते इथे कळतं: दोन्ही चेंडू एकाच कडुनिंबाखाली गेले, की लाल कोणता न् निळा कोणता यावरून भांडण नको. क्लब तोच, नेम तोच. दुसऱ्यांदा ड्रायव्हर काढून सूड उगवायचा मोह होतो, तो मी तीनदा पुरवला आहे आणि तिन्ही चेंडू कुंपणापलीकडच्या मुलांना मिळाले आहेत. शोधायला तीन मिनिटं असतात, २०१९ पासून. त्याआधी पाच होती, त्यामुळे जुने मेंबर अजून पाच मिनिटं रेंगाळतात. तुम्ही घड्याळ बघा.

राहिला हिशेब. ओ.बी. झालं की पहिला फटका एक, दंडाचा दुसरा, प्रोव्हिजनलचा फटका तिसरा. फेअरवेतून पुढचा मारताना तो चौथा असतो. घाबरलेला माणूस नेमका इथेच एक फटका गाळतो, मुद्दाम नव्हे, पण गाळतो. कार्डावर होलचा आकडा खऱ्यापेक्षा कमी गेला आणि कार्ड तसंच जमा झालं, तर सगळी फेरी बाद, जास्त गेला तर तो जास्तच धरतात. म्हणून ग्रीनवरून उतरल्या उतरल्या, दुसऱ्या टीकडे चालताना, मार्करबरोबर (तुमचं कार्ड लिहिणाऱ्या सोबत्याबरोबर) बोटांवर मोजा, आणि आठ झाले असतील तर ‘आठ’ असं स्पष्ट म्हणा. तो लिहितो की नाही, ते बघूनच पुढची टी लावा.