मराठवाड्यात उत्खननाला निघण्याआधीची यादी

सगळ्यात आधी प्रश्न लिहून काढा आणि तो एका वाक्यात मावतो का ते बघा. 'तेरचा प्राचीन इतिहास' हा प्रश्न होत नाही. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी माहितीपुस्तकात गुजरातेतल्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर सांगितलं आहे. पैठणहून अकीक हा मण्यांचा दगड आणि तगरहून कापड गाड्यांमध्ये भरून भडोचला जात असे. तगर म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. मग प्रश्न असा करता येतो : गोदाकाठ आणि तेर यांच्यामध्ये बालाघाटचा डोंगर आडवा आहे, तर या भरलेल्या गाड्या कोणत्या घाटाने जात होत्या आणि कुठे मुक्काम करत होत्या? एवढं ठरलं की कोणत्या नदीकाठाने चालायचं, किती माणसं लागतील, खोदायची गरज तरी आहे का, हे एकेक करून सुटत जातं. कोणता पुरावा मिळाला तर आपला अंदाज चुकीचा ठरेल, तेही त्याच पानावर लिहून ठेवा.

जुनं वाचन टाळू नका. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला 1973 मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून उत्खनन केलं होतं. त्याचा अहवाल खापरांच्या चित्रांसह शेजारी ठेवूनच आपल्या खापरांकडे बघा. तेरच्या लामतुरे संग्रहालयात निदान दोन दिवस बसा. तिथल्या कितीतरी वस्तू गावातून गोळा झालेल्या आहेत, म्हणजे वस्तू अस्सल, पण जमिनीतल्या कोणत्या थरातली ते माहीत नाही. अशा एखाद्या वस्तूची जोड थरातून मिळाली तर तिचं मोल फार मोठं असतं.

आता पायी पाहणी. रब्बीची ज्वारी निघाल्यावर शिवार मोकळं होतं, तोच चालण्याचा हंगाम. गटनकाशा आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 चा नकाशा, दोन्ही बरोबर ठेवा. ओळीत ठरावीक अंतरावर माणसं चालवा आणि खापर दिसलं नाही तरी 'काही नाही' अशी नोंद करा. इथे एक गोष्ट मात्र मराठवाड्यात शिकूनच घ्यावी लागते. शेतात खापरं दिसली म्हणजे तिथे वस्ती होती असं समजू नका. गावाच्या पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची, माती शेतकरी पिढ्यानपिढ्या शेतात टाकत आलेत, धाब्याच्या घरांवर पावसाळ्याआधी तीच माती पसरत आलेत. वर गेल्या काही वर्षांत 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून तलावांचा गाळ शेतांत गेला आहे. म्हणून प्रत्येक शेताच्या मालकाला विचारा, "दादा, इथं बाहेरची माती टाकली होती का कधी?" आणि त्याचं उत्तर त्याच्या शब्दांत वहीत उतरवा. घरातल्या आजींना विचारलं तर बहुतेक वेळा कोणत्या सालच्या दुष्काळात टाकली तेही सांगतात.

परवान्याचा अर्ज फार आधी करा. उत्खननासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो आणि तो प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळं यांबद्दलचा 1958 चा कायदा आणि 1959 चे नियम यांखाली मिळतो. हे दोन्ही मूळातून वाचा. सातबारा, मालकाची लेखी संमती आणि पीकभरपाईची रक्कम कागदावर आणा. सातबाऱ्यावर चार भाऊ असतील तर चौघांच्या सह्या घ्या. मग ग्रामसभेत उभं राहून सांगा की काय शोधतोय, किती दिवस खोदणार आणि सापडलेलं कुठे जाणार. गुप्तधनाची कुजबुज अटळ आहे. ती रोखायचा मला पटलेला एकच उपाय म्हणजे खड्डा कुणालाही कधीही बघायला मोकळा ठेवणं आणि रोज संध्याकाळी दिवसभराचं सगळं गावासमोर मांडणं. शाळेची मुलं आली तर काम थांबवून त्यांना थर दाखवा. रात्रीचा राखणदार गावातलाच नेमा.

माणसांचं गणित दसऱ्याआधी मांडा. बीड, धाराशिवकडची तरणी जोडपी दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्यातच परततात. डिसेंबरात खोदायचं तर गावात कोण असेल हे आधी विचारा आणि मजुरी दर आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी हातात द्या. चाळणीवर बसणाऱ्या बायांना मणी ओळखायला पहिल्याच दिवशी शिकवा. त्यांची नजर लवकर तयार होते, आणि त्यांनी शोधलेल्या मण्याच्या नोंदीत त्यांचं नाव लिहा.

पाण्याची तजवीज स्वतः करा. खापरं धुवायला आणि जळालेलं धान्य मातीतून तरंगवून काढायला रोज भरपूर पाणी लागतं, आणि 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं तो हा प्रदेश. गावाच्या टँकरला हात लावायचा नाही. टाकी विकत भरा, धुतलेलं पाणी निवळून पुन्हा वापरा.

खड्डे पाच मीटर चौरस, दोन खड्ड्यांमध्ये न खोदता ठेवलेली आडभिंत, हे पुस्तकात सापडेल. पुस्तकात ठळकपणे नसतं ते काळ्या मातीचं वागणं. रेगूर माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि त्या भेगांतून कालचं बांगडीचं काचही सातवाहन थरात जाऊन बसतं. खड्डा घेण्याआधी सकाळच्या तिरप्या उन्हात मातीवरच्या भेगा बघा, त्यांची जागा आराखड्यावर काढा. भेगेतली माती सैल आणि थोडी गडद लागते. ती आधी वेगळी काढा, वेगळ्या पिशवीत भरा, आणि त्यातल्या कशावरूनही थराचा काळ ठरवू नका.

पिशव्यांबद्दल मी हट्टी आहे. प्रत्येक पिशवीत दोन चिठ्ठ्या, एक आत आणि एक बाहेर. गाव, खड्डा, थर, खोली, तारीख, लिहिणाऱ्याचं नाव, सगळं पेन्सिलीने. मार्करची शाई एप्रिलच्या उन्हात उडते, पेन्सिल राहते. ज्या पिशवीची चिठ्ठी हरवली तिच्यातली खापरं अभ्यासातून गेली असंच समजा.

काळ ठरवण्याचा खर्च अंदाजपत्रकात सुरुवातीपासून धरा. कार्बन-14 साठी, म्हणजे जळक्या अवशेषातल्या कार्बनवरून वय काढण्यासाठी, लाकडी कोळशापेक्षा जळालेला दाणा चांगला, कारण खोडातलं लाकूड वापराआधीच शेकडो वर्षांचं असू शकतं. नमुना हाताने न उचलता स्वच्छ करणीने उचला आणि ॲल्युमिनियमच्या कागदात बांधा. इ.स.पू. 800 ते 400 या काळात ही पद्धत तारखेची खूप रुंद मर्यादा देते, आणि मराठवाड्यातली ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं आणि दगड वापरणाऱ्यांची, गावं ओस पडल्यापासून सातवाहनांची नगरं उभी राहीपर्यंतची अवघड पोकळी बरीचशी नेमकी तिथेच पडते. त्या थरांसाठी खापरं आणि थरांचा क्रम यांवरच जास्त विसंबावं लागेल.

खोदलेला थर पुन्हा खोदता येत नाही. म्हणून अहवालासाठीचे पैसे आणि महिने पहिल्या दिवसापासून बाजूला काढा, चित्रकाराचं आणि खापरं मोजणाऱ्याचं मानधन धरून. ते निघत नसतील तर खड्ड्यांची संख्या कमी करा, यात तडजोड नको. मराठीत दहा-बारा पानांचा गोषवारा छापून ग्रामपंचायतीला, शाळेला आणि शेतमालकाला द्यायचा, तो खर्चही त्याच रकान्यात.

खोदताना वरच्या सुपीक मातीचा ढीग वेगळा घातलेला असावा. बुजवताना तळाला वाळूचा थर अंथरा, म्हणजे पुढच्या संशोधकाला आपला खड्डा कुठवर होता ते कळेल. मग खालची माती, आणि काळी माती सगळ्यात वर. हे मृगाच्या पेरणीआधी उरकलं पाहिजे. मालकाला बांधावर बोलवा, शेत दाखवा, त्याची लेखी पोच घ्या आणि मगच सामान गाडीत भरा.