चेहऱ्यावरच्या मृत पेशी काढताना: काय वापरावं, किती वापरावं, कधी थांबावं

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचाच असतो, आणि तो तिथे असायलाच हवा. आतलं पाणी धरून ठेवायचं आणि बाहेरचे जंतू अडवायचे, ही कामं तोच करतो. तरुण त्वचेवर जुन्या पेशी साधारण महिन्याभरात आपोआप गळतात. वय वाढलं की वेळ लागतो. एक्सफोलिएशनने, म्हणजे मृत पेशी मुद्दाम काढण्याने, फक्त गळायला आलेल्या पण चिकटून बसलेल्या पेशी सोडवायच्या असतात. चेहरा 'घासून लख्ख' करायला गेलं की बिघडतं.

दाणेदार स्क्रबपेक्षा सौम्य आम्ल (पेशींमधली चिकट सैल करणारं, चेहऱ्यासाठीच्या जेल-सीरममधलं अ‍ॅसिड) बरं, कारण स्क्रबमध्ये सगळा भरवसा बोटांच्या दाबावर असतो आणि तो दर वेळी सारखा राहत नाही. तरीही स्क्रबच वापरायचा असेल तर दाणे बारीक आणि गोलसर हवेत. साखर किंवा अक्रोडाच्या कवचाची भरड चेहऱ्यासाठी नाही. चेहरा ओला करून बोटांच्या टोकांनी हलक्या हाताने गोलाकार फिरवा, जास्तीत जास्त अर्धा मिनिट, मग कोमट पाण्याने धुवा. मुरूम पिकलेले असताना स्क्रब नकोच.

आम्ल निवडताना त्वचा कशी आहे ते पाहा. तेलकट त्वचा, ब्लॅकहेड्स, बुजलेली छिद्रं असतील तर ०.५ ते २ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड. ते तेलात विरघळतं म्हणून छिद्राच्या आत पोचतं. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर ते टाळा. कोरडी, निस्तेज त्वचा असेल तर ५ टक्क्यांच्या आसपासचं लॅक्टिक अ‍ॅसिड. ग्लायकोलिकचा रेणू लहान असल्यामुळे ते लवकर आत शिरतं आणि जास्त चुरचुरतं, म्हणून पहिल्यांदाच सुरू करणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. मॅन्डेलिकचा रेणू मोठा, तर ग्लुकोनोलॅक्टोन त्याहून सौम्य. नाजूक त्वचेला ही दोन्ही बरी. सॅलिसिलिक सोडून बाकीच्यांतही घरी १० टक्क्यांच्या वर जाऊ नका. लिंबाचा रस हा 'नैसर्गिक' पर्याय मुळीच नाही. त्याचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) २ च्या आसपास असतो, म्हणजे त्वचेच्या मानाने तो फारच तीव्र, आणि उन्हात गेलं की भाजल्यासारखे डाग पडू शकतात.

आधी जबड्याखाली किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दोन दिवस वाट पाहा. लाली, खाज, पुरळ आलं नाही तरच चेहऱ्यावर. वेळ रात्रीची. सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, टॉवेलने टिपा आणि दहा मिनिटं कोरडं होऊ द्या, कारण ओल्या त्वचेत आम्ल जास्त शिरतं. वाटाण्याएवढं जेल किंवा तीन-चार थेंब सीरम पूर्ण चेहऱ्याला पुरतं. डोळ्यांभोवती, नाकपुड्यांच्या कडांना आणि ओठांच्या कोपऱ्यांना लावू नका; आधी तिथे व्हॅसलीन लावलं तर ओघळही पोचत नाही. जराशी चुरचुर मिनिटभरात थांबायला हवी. जळजळ वाढतच गेली तर लगेच भरपूर पाण्याने धुवून टाका. शेवटी साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर.

पहिले तीन आठवडे आठवड्यातून एकदाच. नंतर त्वचेने साथ दिली तर दोनदा. बहुतेकांना त्याहून जास्त लागत नाही. त्या रात्री रेटिनॉल (सुरकुत्या-मुरुमांसाठी लावतात ते) किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड (मुरुमांवर लावायचं औषध) वापरायचं नाही. दाढी करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की वस्तराही मृत पेशी खरवडतोच. त्यामुळे दाढी आणि आम्ल एकाच दिवशी नको.

दुसऱ्या दिवसापासून सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा अधिक. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं घ्या, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. ग्लायकोलिक, लॅक्टिकसारख्या आम्लांनी त्वचा उन्हाला हळवी होते आणि वापर थांबवल्यावरही आठवडाभर तशी राहू शकते. सावळ्या त्वचेवर जरा जळजळ झाली तरी तिचा काळपट डाग महिनोन्‌महिने राहतो. डाग घालवायला म्हणून सुरू केलेल्या आम्लाने नवे डाग पडतात ते असे.

अति झाल्याची खूण अनेकदा चकाकीसारखी दिसते, म्हणून फसगत होते: चेहरा प्लास्टिकसारखा चमकतो, ओढल्यासारखा वाटतो, रोजचं मॉइश्चरायझरही झोंबतं. मग आम्ल, स्क्रब, रेटिनॉल सगळं बंद. फेसवॉश, सिरॅमाइड (त्वचेतलाच एक स्निग्ध घटक) किंवा ग्लिसरीन असलेलं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, एवढंच दोन ते चार आठवडे. चुरचुर पूर्ण थांबल्यावरच पुन्हा आठवड्यातून एकदापासून सुरुवात.

एक्झिमा, रोझेशिया (चेहऱ्यावर सतत लाली आणणारा आजार), उन्हाने भाजलेली किंवा जखम असलेली त्वचा असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञाला विचारा. मुरुमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच संपल्या असतील, तरीही तेच.