जर्मनीत पहिलं घर भाड्याने घेताना

जाहिरातीत ७०० युरो दिसले की हुरळून जाऊ नका. ती ‘काल्टमीटे’, म्हणजे नुसत्या चार भिंतींचं भाडं. त्यात पाणी, हीटिंग, कचरा वगैरे धरलं की ‘वार्ममीटे’ होते. विजेचं बिल बहुतेक ठिकाणी त्याहून वेगळं. शिवाय टीव्ही असो वा नसो, सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची वर्गणी घरामागे महिना १८.३६ युरो.

आपला बीएचकेचा हिशेब इथे चालत नाही. ‘दोन त्सिमर’ म्हणजे हॉल आणि बेडरूम. स्वयंपाकघर, बाथरूम मोजत नाहीत. आणि स्वयंपाकघरात नक्की काय आहे ते आधी विचारा. श्टुटगार्टला माझ्या पहिल्या घराचं दार उघडलं, तर भिंतीतून डोकावणारा पाण्याचा पाइप आणि शेगडीसाठीची वायर, बस्स. ओटा नाही, सिंक नाही. जुना भाडेकरू सगळं उचकटून घेऊन गेला होता, आणि इथे तीच रीत! तीन आठवडे कुकर बाथरूमच्या बेसिनमध्ये घासला. तेव्हा जाहिरातीत ‘आइनबाउक्युशे’, म्हणजे आधीच बसवलेलं स्वयंपाकघर, हा शब्द शोधा.

डिपॉझिट जास्तीत जास्त तीन काल्टमीटे, तेही कायद्याने तीन मासिक हप्त्यांत देता येतं. “मी परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरियरने येईल” असा मेल आला तर सरळ डिलीट करा. घर न बघता एक युरोही द्यायचा नाही. घरमालक ‘शुफा’चा, म्हणजे लोकांच्या पतीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीचा दाखला मागतात, पण नवीन माणसाकडे तो पतइतिहास नसतो. त्याऐवजी नोकरीचा करार आणि पगाराच्या स्लिपा पुढे करा.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ‘आनमेल्डुंग’, म्हणजे पत्त्याची नोंदणी. त्यासाठी घरमालकाच्या सहीचं ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ लागतं (शब्द पाठ करू नका, कागद मात्र मागून घ्या). काही महिन्यांसाठी फर्निश्ड फ्लॅट घेणार असाल, तर तो कागद मिळेल का हे बुकिंगआधीच विचारा. टॅक्सचा नंबर नोंदणीनंतर पोस्टाने येतो, म्हणून पत्रपेटीवर आडनाव लगेच चिकटवा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो.

किल्ली घेताना भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा ताबापत्रकात लिहून घ्या, फोटो काढा.

श्टुटगार्टकडे येणार असाल तर आणखी एक. दाराला ‘केरवोखे’ची पाटी लटकलेली दिसली की त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. शब्दातच आपला केर आहे, विसरायला नको. मी विसरलो होतो. शेजारच्या आजीबाई काही बोलल्या नाहीत. सोमवारी सकाळी दाराबाहेर केरसुणी उभी करून गेल्या.