डिजिटल ऑडिओची केबल: कोणती घ्यावी, कशी तपासावी आणि जिटरची चिंता किती करावी

सीडी प्लेअर, टीव्ही किंवा लॅपटॉपपासून डॅकपर्यंत (डिजिटल आकड्यांचा आवाज करणाऱ्या यंत्रापर्यंत) जाणारी केबल महाग घेतली की आवाज खुलतो, असं दुकानात हमखास ऐकायला मिळतं. खरं तर योग्य जातीची, बेताच्या लांबीची साधी केबल पुरते. त्यावर घातलेला पैसा कानापर्यंत पोचत नाही. जात मात्र ओळखता आली पाहिजे. आणि खानदेशात केबलच्या आधी अर्थिंगकडे बघावं लागतं.

केबल बिघडल्यावर काय ऐकू येतं

डिजिटल केबलचा बिघाड लपत नाही. टकटक आवाज येतो, मध्येच क्षणभर शांतता होते किंवा डॅकवरचा लॉकचा (सिग्नल पकडल्याचा) दिवा जातो-येतो. आवाज सलग येत असेल आणि फक्त "बेस सैल", "वरचे सूर बोथट" वाटत असतील तर बिट हरवल्याचं ते लक्षण नव्हे. बिट चुकल्याने सूर बोथट होत नाही, तडा जातो. यूएसबीवरून ऑडिओ जाताना चुकलेलं पाकीट पुन्हा मागवलं जात नाही, म्हणून खराब यूएसबी केबलही सरळ खटके देते.

जिटर म्हणजे काय, आणि किती असला तर कळतो

सीडीचा आवाज वाजवताना डॅक सेकंदाला ४४,१०० वेळा एकेक आकडा व्होल्टेजमध्ये उतरवतो. हे ठोके समान अंतराने पडायला हवेत. ते किंचित मागेपुढे होणं म्हणजे जिटर. आकडे बरोबर असूनही वेळ चुकते आणि मूळ सुराभोवती नको असलेले बारीक सूर किंवा खरखर तयार होते. १० किलोहर्ट्झच्या पूर्ण पातळीच्या सुरावर १ नॅनोसेकंदाचा (सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा) अनियमित जिटर असेल तर ती खरखर त्या सुरापेक्षा सुमारे ८४ डेसिबल खाली असते. १ किलोहर्ट्झवर तोच जिटर १०४ डेसिबल खाली जातो.

बेंजामिन आणि गॅनन यांनी १९९८ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे मांडलेल्या चाचण्यांत, अगदी वरच्या पट्टीच्या शुद्ध सुरावर ऐकणाऱ्यांना १० नॅनोसेकंदांच्या आसपासचा जिटर ओळखता आला. संगीतात त्याहून बराच जास्त लागला. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी अनियमित जिटर घेऊन चाचणी केली, तेव्हा संगीतात तो कळायला काही शे नॅनोसेकंद लागले. एसपीडीआयएफच्या (घरगुती कोॲक्सिअल-ऑप्टिकल डिजिटल जोडणीच्या) साध्या रिसीव्हर चिपचा स्वतःचा जिटर साधारण २०० पिकोसेकंद असतो, म्हणजे नॅनोसेकंदाचा पाचवा भाग.

केबलचा जिटरवर परिणाम होतो का? होतो, आणि तो मोजताही येतो. एसपीडीआयएफमध्ये घड्याळ आणि आकडे एकाच तारेतून जातात. केबल लांब असली किंवा ७५ ओहमची नसली की स्पंदांच्या कडा तिरक्या होतात आणि कड कुठल्या क्षणी ओळखली जाईल हे आधीच्या बिटांवर अवलंबून राहतं. ४८ किलोहर्ट्झला सर्वांत अरुंद स्पंद १६३ नॅनोसेकंदांचा असतो, त्यामुळे कड दोन-तीन नॅनोसेकंद सरकली तरी बिट शाबूत राहतात, जिटर तेवढा वाढतो. पुढे डॅकमधला पीएलएल (आलेल्या ठोक्यांवरून घड्याळ जुळवणारं सर्किट) तो गाळतो. जलद बदल चांगले गाळले जातात, सावकाश बदल कमी. चांगल्या डॅकमध्ये केबलचा वाटा उरतच नाही. जुन्या, स्वस्त डॅकमध्ये थोडा उरतो, आणि तिथेही ७५ ओहमची साधी केबल तो प्रश्न सोडवते.

असिंक्रोनस यूएसबीत हा प्रश्नच मिटतो. या प्रकारात घड्याळ डॅकमध्ये असतं आणि लॅपटॉपने किती आकडे पाठवायचे हे डॅक ठरवतो. एचडीएमआयमध्ये ऑडिओचं घड्याळ व्हिडिओच्या घड्याळावरून पुन्हा बांधावं लागतं, म्हणून तिथे जिटर सहसा जास्त असतो. महागड्या केबलने त्यात फरक पडत नाही.

केबल घेताना

कोॲक्सिअल जोडणीला (मधली तार आणि भोवती जाळी अशा केबलच्या) ७५ ओहमची केबल लागते. ७५ ओहम म्हणजे जलद सिग्नलला जाणवणारा केबलचा रोध. हे ७५ ओहम मल्टिमीटरवर दिसत नाहीत. मीटर तारेचा साधा रोध दाखवतो, जो जवळपास शून्य असतो. म्हणून केबलच्या सालीवर छापलेलं वाचा: आरजी-५९ किंवा आरजी-६. जुन्या व्हिडिओ केबलची पिवळी पिनही ७५ ओहमसाठीच असते आणि दीड-दोन मीटरला ती उत्तम चालते. लाल-पांढरी पिन तेवढ्या लांबीत बहुतेक चालून जाते, पण तिची खात्री नाही.

स्वतः बनवायची असेल तर एक अडचण आधीच लक्षात घ्या. डिशच्या आरजी-६ केबलची जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असते आणि तिला साधं सोल्डर धरत नाही. वरवर चिकटल्यासारखं दिसतं आणि महिनाभरात टकटक सुरू होते. आरजी-६ ला दाबून बसवायची आरसीए पिन (वरच्या पिवळ्या पिनेसारखीच) वापरा. तिची मधली तार सुमारे १ मिलिमीटर जाड आणि ताठ असते, त्यामुळे डॅकच्या सॉकेटवर ताण येतो. तांब्याच्या जाळीची आरजी-५९ मिळाली तर ती घ्या. ती मऊ असते आणि सोल्डरही नीट धरते. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी घेताना दुकानदाराकडून टोक सोलून बघा: जाळी तांबूस हवी. पिन लावल्यावर मधली तार आणि जाळी यांत मीटरचा बीप येता कामा नये. आतल्या पांढऱ्या प्लास्टिकवर सोल्डरिंग आयर्न तीन सेकंदांहून जास्त टेकवू नका. ते वितळलं की तार सरकून शॉर्ट होते.

ऑप्टिकल केबल ५ मीटरपर्यंत ठेवा आणि अडीच सेंटिमीटरपेक्षा लहान त्रिज्येत वाकवू नका. ९६ किलोहर्ट्झपर्यंत ती भरवशाची, १९२ ला अनेकदा लॉक धरत नाही. उन्हाळ्यातल्या वावटळीत धूळ सगळीकडे शिरते, तेव्हा मोकळ्या टोकाला आणि सॉकेटला टोपी लावून ठेवा.

यूएसबी केबल दोन मीटरच्या आतली, हबशिवाय थेट जोडलेली असावी. हॉलमध्ये मिक्सरपर्यंत एईएस/ईबीयू (व्यावसायिक डिजिटल जोडणीची) लाइन न्यायची असेल तर ११० ओहमची केबल लागते. माइकची केबल काही मीटर चालते, ३० मीटरवर दगा देते.

अर्थिंग

ज्याला लोक जिटर समजतात ते बऱ्याचदा अर्थिंगच्या वाटेने आलेलं गुणगुणणं असतं. वैशाखात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या वर जातो, जमीन सुकते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. त्यात टीव्ही एका बोर्डवर, ॲम्प दुसऱ्या बोर्डवर, आणि सेट-टॉप बॉक्सला आलेल्या केबलची जाळी भलतीकडेच अर्थ केलेली. ही सगळी उपकरणं कोॲक्सिअल केबलने जोडली की ५० आणि १०० हर्ट्झची भणभण सुरू होते.

क्रमाने तपासा. आधी टीव्हीच्या मागची डिशची किंवा केबलवाल्याची वायर काढा. भणभण थांबली तर कारण सापडलं. मग लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. माउस हलवताना चिरचिर येत असेल तर तीही याच वाटेने येते. त्यानंतर मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा. २-३ व्होल्टपर्यंत ठीक. १० च्या पुढे गेलं तर वायरमनला बोलवा आणि खड्ड्यात पाणी घालायची व्यवस्था करा. ऑप्टिकल केबल वीज वाहत नाही, त्यामुळे तिने अर्थिंगचं हे वर्तुळ लगेच तुटतं. अर्थची पिन कापून भणभण थांबवणं जिवावर बेतू शकतं, ते कधीही करू नका.

घरच्या स्टुडिओतली टकटक

अहिराणी गाण्यांचं रेकॉर्डिंग आता घरोघरी होतं. तिथे इंटरफेसला (माइकचा आवाज संगणकात नेणाऱ्या यंत्राला) दुसरा प्रीॲम्प (माइकचा आवाज वाढवणारं यंत्र) ऑप्टिकलने जोडला की दर क्षणाला बारीक टक ऐकू येते आणि लोक केबल बदलत बसतात. दोन्ही यंत्रं आपापल्या घड्याळावर चालत असतात, हे त्याचं कारण. दोन घड्याळांत दशलक्षात ५० भागांचा फरक असला तरी ४८ किलोहर्ट्झला सेकंदाला २.४ सॅम्पल (आवाजाचे एकेक आकडे) घसरतात. एकच यंत्र "इंटर्नल" (स्वतःच्या घड्याळावर) ठेवा, दुसऱ्याचं घड्याळ येणाऱ्या डिजिटल इनपुटवर लावा आणि दोन्हीकडे सॅम्पल रेट सारखाच ठेवा.

केबलची परीक्षा

ॲम्प डीटीएस (सराउंड आवाज आकड्यांत गुंडाळण्याची पद्धत) उलगडणारा असेल तर डीटीएस भरलेली वेव्ह फाइल वाजवा. आवाज आधी अगदी कमी ठेवा, कारण काही चुकलं तर स्पीकरमधून जोराचा कर्कश खरखराट येतो. प्लेअरमध्ये व्हॉल्यूम पूर्ण, इक्वलायझर बंद, विंडोजवर वासापी एक्सक्लुझिव्ह (विंडोजचा मिक्सर टाळून आवाज थेट पाठवण्याची सोय). ॲम्पवर डीटीएस अक्षरं आली आणि गाणं अर्धा तास न अडखळता वाजलं, तर बिट जसेच्या तसे पोचत आहेत.

तरीही दोन केबलींत फरक वाटत असेल तर घरातल्या कोणाला तरी तुम्हाला न दिसेल अशा तऱ्हेने नाणेफेक करून केबल बदलायला सांगा आणि १६ वेळा ओळखा. निव्वळ अंदाजाने १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे. १२ बरोबर आले तर फरक खरा धरा, आणि या क्रमाने शोधा: दोन्ही वेळा सॅम्पल रेट तोच होता का, ॲम्पने इनपुट बदलताना व्हॉल्यूम किंवा टोन बदलला का, एक केबल कोॲक्सिअल आणि दुसरी ऑप्टिकल असल्याने भणभण कमी झाली का, आणि शेवटी, हरलेली केबल खरंच ७५ ओहमची होती का.