पश्चिमेच्या भिंतीला पत्रा मारताना

साताऱ्यातल्या कोरड्या माण-खटावात हा खटाटोप करावा लागत नाही. जावळी, पाटण, महाबळेश्वरकडे मात्र पश्चिमेची भिंत झडीने महिनोन्महिने भिजते, आतला रंग फुगतो, लोणा येतो. तिथे भिंतीला बाहेरून पत्रा मारणे हा भरवशाचा उपाय आहे.

आधी ओल कुठली ते ओळखा. मार्च-एप्रिलातही जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत ओल टिकून असेल, तर ती पायातून चढते आहे किंवा एखादा पाइप गळतो आहे. त्यावर पत्रा मारला तर ओल आत कोंडते. झडीची ओल उन्हाळ्यात वाळते. म्हणून भेगा बुजवून, भिंत पूर्ण वाळवून काम एप्रिल-मेमध्येच करा.

वीस फूट लांब, दहा फूट उंच भिंत धरू. साडेतीन फुटी पत्र्यातला थोडा भाग जोडाखाली जातो आणि सव्वातीन फूट उरतो. वीस फूट सहा पत्र्यांत भागत नाहीत, सात घ्या. पत्रा ज्यावर बसतो त्या दीड इंची चौकोनी पाइपच्या चार आडव्या रांगा, दर अडीच फुटांवर पाइप भिंतीला धरणारी एक पकड, म्हणजे 36 पकडी. पत्रा पाइपला जोडायला रबरी वायसरचे सेल्फ ड्रिलिंग, म्हणजे स्वतःच भोक पाडणारे, स्क्रू सव्वाशे आणा.

पकडीतच बहुतेकांचे काम फसते. मऊ वीट किंवा जांभ्यात लोखंडी अँकर आवळला की भोक रुंदावते आणि तो नुसता फिरत राहतो. तिथे लांब स्क्रूची नायलॉनची गिट्टी (भोकात ठोकायचा प्लग) घ्या, गिलावा सोडून विटेत किमान दोन इंच शिरली पाहिजे. भोक विटांच्या सांध्यात घेऊ नका. मातीच्या भिंतीत काहीच धरत नाही. तिथे जमिनीत स्वतंत्र खांब रोवून सांगाडा उभा करा.

पावसाळी वारा नैऋत्येचा, म्हणून पहिला पत्रा उत्तरेच्या कोपऱ्यात. दुसरा त्याच्यावर चढवत दक्षिणेकडे सरका. जोडाची उघडी कड वाऱ्याला पाठ करून राहते. उलट लावले तर वारा पाणी थेट जोडात ढकलतो, मग सिलिकॉन कितीही भरा.

छपरावर स्क्रू उंचवट्यावर मारतात, भिंतीवर मात्र सपाट भागात, पाइपला टेकेल तिथे. वायसर किंचित फुगला की थांबा. चिरडला तर दोन-तीन उन्हाळ्यांत तडकतो. पत्रा ग्राइंडरने कापू नका. ठिणग्यांनी रंगाचा थर जळतो आणि कडा गंजू लागतात. हाताची कातर वापरा आणि ड्रिलचा चुरा त्याच संध्याकाळी झाडून काढा.

खिडकीवरची पट्टी वरच्या पत्र्याच्या आतून यायला हवी, बाहेरून चिकटवलेली पट्टी गळतेच. पत्रा जमिनीपासून सहा इंच वर संपवा. खाली उंचवट्यांच्या पोकळ्या फोमने बुजवू नका. पत्र्यामागची हवा तिथूनच वर जाते. उंदरांसाठी बारीक जाळी पुरे. विजेची वायर पत्र्याला टेकत असेल तर आधी वायरमनकडून ती सरकवून घ्या.

पत्र्याऐवजी व्हिनाइलचे पॅनेल घेतलेत तर आवळायची सवय सोडा. ते उन्हात वाढते. स्क्रू लांबट खाचेच्या मध्यावर, डोके एक मिलिमीटर सैल आणि टोकांना सहा मिलिमीटर मोकळे ठेवा. घट्ट बसवलेले पॅनेल मेच्या उन्हात लाटांसारखे फुगते.