पक्षाला नवी दिशा कशी द्यावी: साबुरो एदांचा धडा

अभ्यासवर्गात मी कार्यकर्त्यांना जपानचे समाजवादी नेते साबुरो एदा यांचंच उदाहरण देतो. आधी ध्येय सामान्य माणसाला पटेल असं मांडा. 1962 मध्ये एदांनी चारच गोष्टी सांगितल्या: अमेरिकेचं राहणीमान, सोव्हिएत संघाची सामाजिक सुरक्षा, ब्रिटनची संसदीय लोकशाही आणि जपानची शांततावादी राज्यघटना. किती सोपं, किती धाडसी! पण भाषणाआधी कामगार संघटनांशी बोला, विरोधी गटाची मतं मोजा. हे टाळूच नका. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अधिवेशनात डाव्या गटानं विरोधाचा ठराव मंजूर करून घेतला. एदांचं सरचिटणीसपद गेलं. हरलात तरी लगेच पक्ष सोडू नका. एदा आतच झगडत राहिले. 1977 च्या मार्चमध्ये बाहेर पडले, मे महिन्यात वारले. मुलगा सात्सुकी यांनी न्यायाधीशपद सोडून काम पुढे नेलं.