मूल जन्मतः चांगलं की वाईट? घरीच पाहायचं असेल तर

मी देवगड तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. "बाई, हा जन्मतःच दुष्ट आहे," असं एखादी आई म्हणाली की मी तिला हे करून बघायला सांगते.

मूल दीड वर्षाचं असावं, झोप झालेली, पोट भरलेलं. ते खळ्यात खेळत असताना दोरीवर कपडे वाळत घाला. एक चिमटा हातून निसटल्यासारखा पाडा, हात लांबवा, पण पोचत नाही असं दिसू द्या. मागू नका. दिल्यावर खाऊही देऊ नका, नाहीतर ते तुमच्यासाठी धावलं की खाऊसाठी, हे कळायचं नाही. मग दुसरा चिमटा मुद्दाम भिरकावून द्या. तो सहसा परत येत नाही. तुम्हाला तो नकोय, हे त्या एवढ्याशा जिवाला समजतं. फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी जर्मनीत केलेला असाच प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. अठरा महिन्यांच्या २४ मुलांपैकी २२ जणांनी निदान एकदा तरी मदत केली.

तेच मूल संध्याकाळी भावाला चावेल. दोन्ही उपजतच, असं माझं मत आहे.

खरं लक्ष पुढे ठेवायचं. तीन-चार वर्षांचं झालं की ते कुणाला खाऊ देतं, कुणाला टाळतं, आणि त्याआधी घरात कोण काय बोललं, ते बघा. "त्यांच्याकडचं पाणी पिऊ नको" हे कुठलंही मूल पोटातून शिकून येत नाही. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं १९२४ मध्येच सर्वांना खुलं केलं होतं. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसोबत लोकांनी तिथलं पाणी प्यायल्यावर त्यांना मारहाण झाली, पुढे तळ्याचं 'शुद्धीकरण'ही झालं. मारणारेही कधीतरी दीड वर्षांचे होते. मला हे फार लागतं.

म्हणून रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तेव्हा मुलाला किनाऱ्यावर न्या, दोराला हात लावू द्या. ओढणाऱ्यांत मासळीचे वाटे कसे पडतात, ते त्याला बघू द्या. घरी आणलेल्या बांगड्यांतले दोन घेऊन ज्या वाडीत तुमचं जाणं-येणं नाही, तिथल्या एका घरी त्याला पाठवा. पहिल्यांदा तुम्ही सोबत जा, आणि त्यांनी पाणी दिलं तर त्याच्यादेखत प्या.